कॅकॉफनी: एक इंग्रजी शब्द मुळापासून कसा शिकायचा

मी मिरजेत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. नवा शब्द आला की मुलं वहीत मधोमध उभी रेघ मारतात, डावीकडे इंग्रजी शब्द लिहितात आणि उजवीकडे मराठी अर्थ. कॅकॉफनी, म्हणजे गोंगाट. पुढचा शब्द घ्या. अशा वहीतला शब्द परीक्षेपर्यंत कसाबसा टिकतो. पुढे तो मुलाखतीत किंवा पुस्तकात भेटला तर ओळखीचा वाटतो, पण वापरायचं धाडस होत नाही.

माझं म्हणणं असं, की महिन्याला चारच शब्द शिका, पण मुळासकट शिका. एका शब्दाला अर्धा तास द्यायचा. त्याच्या मुळाशी गेलं की अर्थ तर कळतोच, शिवाय तो शब्द कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हेही कळतं, आणि त्याच्या नात्यातले दहा-बारा शब्द आपसूक हाती लागतात. ही पद्धत शिकवायला मी नेहमी कॅकॉफनी हाच शब्द घेते. त्याचे तुकडे सहज पडतात, त्याचा प्रवास लांबचा आहे आणि त्याचं एक टोक थेट आपल्या मराठीत येऊन पोचतं.

आधी उच्चार

शब्द आधी तोंडात बसू द्या, अर्थाचं नंतर बघू. मराठीत याचं लेखन अनेकदा 'कॅकोफोनी' असं दिसतं. ते वाचून मुलं 'कॅको' आणि 'फोनी' असे दोन सारखे तुकडे करून बोलतात. इंग्रजी माणसाच्या तोंडी पहिलं अक्षर अगदी पुसट असतं, जवळपास 'क'. मग 'कॉ' ठासून येतो आणि उरलेलं 'फनी' भरकन संपतं. क-कॉ-फ-नी. लिहिताना मी 'कॅकॉफनी' लिहिते, म्हणजे निदान जोर कुठे द्यायचा ते डोळ्यांना दिसतं.

आपण मराठीत सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं बोलतो, त्यामुळे हा जोर सुरुवातीला जड जातो. पण त्याला नियम आहे. 'फनी', 'ग्रफी', 'क्रसी', 'लजी' अशा शेपटीच्या शब्दांत उच्चारातली अक्षरं शेवटून मोजायची आणि तिसऱ्यावर जोर द्यायचा. फोटोग्राफ म्हणताना जोर 'फो'वर असतो, फोटॉग्रफी म्हटलं की तो सरकून 'टॉ'वर जातो. डेमोक्रॅटचा 'डे' आणि डिमॉक्रसीचा 'मॉ' यांचंही तेच. सिंफनीत अक्षरंच तीन, म्हणून जोर पहिल्यावर. कॅकॉफनीत चार, म्हणून दुसऱ्यावर. हा एक नियम हाताशी असला की असे कितीतरी शब्द बिनचूक बोलता येतात. म्हणून मी वर्गात आधी हातावर बोटं मोजून घेते, मगच पुढे जाते.

मग मोडणी

कोऱ्या कागदावर शब्द मोठ्या अक्षरात लिहा आणि सांधा शोधा. ग्रीक भाषेतून आलेल्या जोडशब्दांत सांध्यावर बहुधा 'ओ' बसलेला असतो: फोटो-ग्राफ, बायो-लॉजी, डेमो-क्रसी. तसाच इथेही काको-फोनी. 'ओ'च्या पुढे उभी रेघ मारा, तुकडे पडले.

पहिला तुकडा 'काकोस', म्हणजे वाईट. दुसरा 'फोने', म्हणजे आवाज. पण कुठलाही आवाज नव्हे. ग्रीकमध्ये फोने म्हणजे मुख्यतः जिवंत प्राण्याच्या कंठातून निघणारा आवाज, माणसाची वाणी. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आपल्याला समास शाळेतच शिकवलेले असतात, त्यामुळे ही मोडणी परकी वाटायचं कारण नाही. कुरूप, कुविचार, कुकर्म या शब्दांत 'कु' जे काम करतो तेच ग्रीकमध्ये 'काकोस' करतो. आणि 'सु'चं काम करणारा तुकडा 'यु' आहे. म्हणून कॅकॉफनीच्या उलट युफनी, म्हणजे कानाला गोड लागणारी रचना. यातली एक गोष्ट तर मला फार आवडते. 'कु' आणि 'काकोस' यांचं फक्त काम सारखं आहे, पण 'सु' आणि 'यु' हे खरोखरच एका मुळातून फुटलेले आहेत, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात.

आता कागदावर दोन्ही तुकड्यांभोवती गोल काढा आणि प्रत्येकाचं गोत जमवा. फोनेच्या गोलात गर्दी लगेच होते. लांबचा आवाज तो टेलिफोन. एकत्र मिळून आलेला आवाज ती सिंफनी. लाकडाचा आवाज तो झायलोफोन. बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं बनवलेलं आणि 1846 मध्ये पेटंट घेतलेलं वाद्य सॅक्सोफोन. एडिसनचा 1877 चा फोनोग्राफ आणि बर्लिनरचा 1887 चा ग्रामोफोनही याच घरातले. घसा पूर्ण बसून आवाजच फुटेनासा झाला तर डॉक्टर त्याला अफोनिया म्हणतात, तोही इथलाच.

काकोसच्या गोलात माणसं कमी, पण एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. गचाळ अक्षराला किंवा चुकीच्या स्पेलिंगला कॅकॉग्रफी म्हणतात, कॅलिग्रफीच्या बरोबर उलट. आणि विज्ञान शाखेच्या मुलांसाठी काकोडिल. आर्सेनिकची ही संयुगं भयंकर घाण वास मारतात. म्हणून स्वीडनच्या बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञानं दुर्गंधीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव ठेवलं. प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव मिळालं तो बुन्सेन याच संयुगांवर काम करत होता, आणि त्यातल्या एका स्फोटात त्याचा एक डोळा गेला. ही हकीकत सांगितली की 'काको म्हणजे वाईट' हे पुन्हा सांगावं लागत नाही.

स्पेलिंगमधला पी-एच

मुलं विचारतात, 'फ'साठी एफ असताना पी आणि एच कशाला? उत्तर आपल्या तोंडातच आहे. घरातल्या जुन्या माणसांना 'फळ' म्हणायला सांगा. दोन्ही ओठ मिटतात आणि मग श्वासासकट उघडतात, 'प'ला 'ह' जोडल्यासारखे. मग 'फोन' म्हणायला सांगा. आता वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. प्राचीन ग्रीकांचा 'फ' हा आपल्या फळातला 'फ' होता. रोमन लोकांकडे एफ हे अक्षर होतं, तरी ग्रीक शब्द लिहिताना त्यांनी पी आणि एच जोडून लिहिलं, कारण त्यांच्या कानाला तो आवाज वेगळा लागत होता. पुढे ग्रीकांचाच उच्चार बदलून दातांचा झाला, पण लिखाण तसंच राहिलं. इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी नंतर सरळ एफ घेतला, इंग्रजी आणि फ्रेंचनं जुनं ठेवलं. तेव्हा इंग्रजी शब्दात पी-एच दिसला आणि उच्चार 'फ' असला, की तो शब्द ग्रीक असण्याची शक्यता फार मोठी. फिलॉसॉफी, फिजिक्स, फार्मसी, अल्फाबेट, सगळे तिथलेच.

प्रवास पाहा

चांगल्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाच्या नोंदीच्या सुरुवातीला किंवा शेवटी चौकटी कंसात बारीक अक्षरांत व्युत्पत्ती दिलेली असते. बहुतेक जण ती ओळ सोडून देतात. तीच वाचायची. तिथे भाषांची नावं तोडून लिहिलेली असतात आणि मध्ये बाणाच्या टोकासारखं चिन्ह असतं, त्याचा अर्थ 'पासून आला'. एखाद्या रूपाच्या आधी तारा असेल तर ते रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलना करून बांधलेलं आहे, असं समजायचं. हा तारा फार महत्त्वाचा. तारा असलेली गोष्ट तर्कानं मिळालेली आहे, हे विसरू नका.

कॅकॉफनीची ओळ उलगडली तर मार्ग असा दिसतो: ग्रीकमधून लॅटिन वळणाचं रूप, त्यातून फ्रेंच, आणि सतराव्या शतकाच्या मध्याला इंग्रजीत प्रवेश. संगीतातल्या बेसूरपणासाठी तो वापरला जाऊ लागला अठराव्या शतकाच्या शेवटाकडे. आज आपण रस्त्यावरच्या हॉर्नसाठी वापरतो तो अर्थ त्याचाच पुढचा पसारा.

मग मुळात तो कशासाठी होता? बोलण्यासाठी. फोने म्हणजे वाणी, हे मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं ते यासाठी. ग्रीक आणि रोमन वक्तृत्वशास्त्रात शब्द शेजारी शेजारी ठेवल्यावर कानाला खटकतात का, याची फार बारकाईनं चिकित्सा होत असे. पहिल्या शतकातला रोमन शिक्षक क्विंटिलियन तर निरुपद्रवी शब्द एकमेकांना चिकटून भलतंच काही ऐकू येणार नाही ना, इथपर्यंत विद्यार्थ्यांना सावध करतो.

मराठी वाचकाला इथे थांबावंसं वाटलं पाहिजे, कारण हेच काम आपल्याकडे काव्यशास्त्रानं केलं आहे. अकराव्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात पददोषांची यादी दिली, तिच्यात पहिलाच दोष आहे श्रुतिकटु, म्हणजे कानाला कडू लागणारं पद. त्याचं उदाहरण मोठं नेमकं आहे. शृंगाराचा श्लोक आहे. अनङ्ग, अपाङ्ग, तरङ्गित, तन्वङ्गी असे 'ङ्ग'चे मऊ नाद एकामागून एक येतात, आणि मध्येच 'कार्तार्थ्यम्' हा शब्द आदळतो. मोठ्यानं म्हणून पाहा. 'र्ता' आणि 'र्थ्य' जिभेला अडखळवतात. अर्थात काहीच चूक नाही, कृतार्थता म्हणायचं आहे, पण त्या जागी तो नाद बोचतो. कॅकॉफनीचा जुना अर्थ हाच आहे. श्रुतिकटु हा शब्द ज्याला माहीत आहे त्याला इंग्रजी कवितेच्या रसग्रहणात कॅकॉफनी कशाला म्हणतात हे वेगळं शिकवावं लागत नाही. लढाई, वादळ, यंत्रांचा खडखडाट यांची वर्णनं करताना इंग्रजी कवी मुद्दाम क, ग, ट, ड अशी कठीण व्यंजनं एकावर एक रचतात. तिथे तो दोष नसतो, साधन असतं.

दिसण्यावर जाऊ नका

आता सावधगिरीची गोष्ट. दर वर्षी कुणीतरी हात वर करतं: "मॅडम, काक म्हणजे कावळा. कावळ्यांचा आवाज वाईट, म्हणून कॅकॉफनी?" विचार करणारं मूल आहे, त्याला हसू नये. पण हे खरं नाही. काक हा शब्द पक्ष्याच्या ओरडण्याची नक्कल करून झालेला आहे. ग्रीक काकोसचा कावळ्याशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ फक्त वाईट. माणूसही काकोस असू शकतो आणि रस्ताही.

नातं खरं की वरवरचं हे तपासायला मी तीन गोष्टी बघायला सांगते. जितकं मागे जावं तितकी दोन्ही रूपं जवळ येतात का? एका अर्थापासून दुसऱ्या अर्थापर्यंत जायला पायरी आहे का? आणि हाच आवाज इतर शब्दांतही असाच बदललेला दिसतो का? तिसरी कसोटी सगळ्यांत भरवशाची. ती लावली की उलटंच काहीतरी हाती लागतं: दिसायला अगदी अनोळखी शब्द सख्खे निघतात.

ग्रीकचा तो जुना 'फ' जिथे येतो तिथे संस्कृतात पुष्कळदा 'भ' असतो. ग्रीक 'फेरो', म्हणजे मी वाहून नेतो, संस्कृतात 'भरामि'. ग्रीक 'फ्रातेर' हा कुळबंधू, संस्कृतात 'भ्रातृ'. मग फोनेचा जोडीदार संस्कृतात 'भ'नंच सुरू व्हायला हवा. तो आहे 'भन्', बोलणे. त्याच्याच जोडीचा 'भण्'. भणतिचं प्राकृतात भणइ झालं आणि मराठीत ते आलं म्हणणे होऊन. "आई म्हणाली" यातलं म्हणणं आणि खिशातला फोन हे असे लांबचे भाऊबंद आहेत. वर्गात मी हे फळ्यावर पायरीपायरीनं उतरवते, तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वही उघडतात.

मराठी बाजू तपासायची असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश हाताशी ठेवा. पहिली आवृत्ती 1831 ची, वाढवलेली दुसरी 1857 ची. तो आणि टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश असे दोन्ही शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. टर्नरकडे भणति काढलं तर सिंहलीपासून मराठीपर्यंतची भावंडं एका जागी सापडतात.

अर्थाचं माप

आता 'गोंगाट' या उत्तराकडे परत येऊ. ते चूक नाही, अपुरं आहे. कॅकॉफनी म्हणायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आवाज अनेक असावेत, त्यांचा एकमेकांशी मेळ नसावा, आणि ऐकणाऱ्याला ते खुपावेत.

मोठा आवाज ही अट यात नाही. भारतातल्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे, पण डेसिबल मोजतो फक्त आवाजाची तीव्रता. मेळ मोजणारं यंत्र नाही, ते काम कानच करतो. पुण्याच्या मिरवणुकीत शंभर ढोल एका ठेक्यात वाजत असतील तर कानठळ्या बसतील, तरी ती कॅकॉफनी नव्हे. दोन पथकं एका चौकात समोरासमोर येऊन आपापला ठेका सोडेनात, की ती कॅकॉफनी.

आमच्या मिरजेत याहून चांगलं उदाहरण मिळतं. सतारमेकर गल्लीत दुपारी चालत गेलात तर एका दुकानात तंबोऱ्याची जवारी लावणं, म्हणजे तारेचा नाद खुलवणं, चाललेलं असतं. कारागीर घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा कानशीनं हलकेच घासतो, तार छेडतो, कान देतो, तारेखालचा दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. त्या एका तारेचा नाद इतका भरदार असतो की पाय थबकतात. पण दोन पावलांवरच्या दुकानात दुसरा तंबोरा वेगळ्या पट्टीत लागत असतो, समोर सतारीच्या पडद्यांवर कुणी बोट फिरवतो, त्याच्या पलीकडे भोपळ्यावर पॉलिशपेपर चाललेला असतो आणि मधून दुचाकी हॉर्न वाजवत जाते. प्रत्येक वाद्य आपापल्या जागी सुरेल आहे. हे सगळे आवाज एकदम कानावर आले की मात्र कॅकॉफनी. मी मुलांना तिथे नेऊन दोन मिनिटं डोळे मिटून उभं करते. "बेसूर कोण आहे, सांगा." कुणालाच सांगता येत नाही, कारण बेसूर कुणीच नसतं. युरोपातल्या वाद्यवृंदात कार्यक्रमाआधी सगळे एकदम वाद्यं जुळवतात, तेव्हाही असंच होतं. इंग्रजी लेखक त्या क्षणाला हाच शब्द वापरतात.

वाक्यात बसवणं

अनेक आवाज ही अट कळली की व्याकरण आपोआप सुटतं. नेहमीची रचना आहे 'अ कॅकॉफनी ऑफ' आणि पुढे अनेकवचन: 'अ कॅकॉफनी ऑफ हॉर्न्स', 'अ कॅकॉफनी ऑफ बार्किंग डॉग्ज'. एकच कुत्रा भुंकत असेल तर हा शब्द घालू नका. विशेषण कॅकॉफनस. टीव्हीवर आठ माणसं एकदम ओरडत मतं मांडतात, तिथे 'अ कॅकॉफनी ऑफ ओपिनियन्स' चालतं आणि चांगलं दिसतं, कारण फोने म्हणजे मुळातच माणसाची वाणी. रंगांसाठीही काही जण वापरतात. मला ते पटत नाही, शब्दातला कानच निघून जातो.

शेजारच्या शब्दांशी गल्लत नको. नुसता एकसुरी मोठा आवाज असेल तर नॉइज किंवा डिन पुरे. लोक मागणीसाठी ओरडत असतील तर क्लॅमर. आवाजाबरोबर व्यवस्थाही कोसळली असेल तर पँडेमोनियम, मिल्टन या कवीनं 1667 मध्ये सैतानाच्या राजधानीला दिलेलं नाव. बेडलमही त्याच अर्थानं चालतो. लंडनच्या बेथलेम या जुन्या मनोरुग्णालयाच्या नावाचा बोलीतला उच्चार म्हणजे तो शब्द. रुग्णांच्या दुःखावर बेतलेला असल्यामुळे मी स्वतः तो वापरत नाही आणि मुलांनाही वापरू देत नाही.

स्वतः करून पाहण्यासाठी पुढचा शब्द देते: युकॅलिप्टस. पहिला तुकडा तुम्हाला आता माहीत आहे. दुसरा 'कॅलिप्टोस', म्हणजे झाकलेला. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यानं 1788 मध्ये हे नाव का दिलं असेल, ते कोशात शोधण्याआधी निलगिरीच्या झाडाखाली जा, न उमललेली कळी उचला आणि तिच्यावरचं टोपण नखानं काढून बघा.